रत्नागिरीत घरासाठी जुनं पिनबॉल मशीन घेतोय, काय तपासून घेऊ?

सर्वांत आधी मागची पेटी उघडायला लावा. १९८०-९०च्या दशकांतल्या बऱ्याच मशीनमध्ये मुख्य बोर्डावरच पेन्सिल सेल असतात. ते गळले की तांब्याच्या रेषा कुरतडल्या जातात. तिथे हिरवट-पांढरी पूड दिसली, तर दुरुस्ती येत नसेल त्याने सौदा सोडावा. त्यात आपली खारी हवा! स्क्रू, स्प्रिंगा, पाय यांवरचा गंजही पाहाच.

मशीन अमेरिकेतलं असेल तर प्लग लावण्याआधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी २३० व्होल्टची आहे ना, याची खात्री करा.

मग काच काढून फ्लिपरपुढे (गोळी उडवणाऱ्या छोट्या दांड्यांपुढे) बोट फिरवा, रंग उडून लाकूड लागतंय का ते कळेल. गोळी खडबडीत असेल तर बदला, ती स्वस्तात मिळते. आणि अर्धा तास सलग खेळाच. फ्लिपर हलवणारी कॉइल (तारेची गुंडाळी) तापल्यावरच फ्लिपरचा खरा जोर कळतो.