घाऊक धान्याची खरेदी आणि साठवण : वाचकांच्या शंका

एकदम जास्त धान्य घेऊन पैसे वाचवावेत, या विचाराने लिहिलेली बरीच पत्रे या वेळी आली. दर कसा ठरवून घ्यावा याविषयी मोजक्याच वाचकांनी विचारले आहे. बहुतेकांची चिंता घरात आलेल्या पोत्याची आहे. माझ्या मते ती योग्य जागी आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही घरात चौघे आहोत. घाऊक घेतल्यास गहू किरकोळ दरापेक्षा पंधरा टक्क्यांनी स्वस्त पडतो. एकदम किती घ्यावा, आणि ही बचत खरोखर हाती लागते का?

आधी महिनाभर घरात किती धान्य लागते ते प्रत्यक्ष मोजा. अंदाजाने सांगितलेला खप आणि मोजलेला खप यांत बरीच तफावत निघते, असा माझा अनुभव आहे. माणशी रोज पाव किलो धरले, तर चौघांना दिवसाला एक किलो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो लागतील. पण कोणी नियमितपणे बाहेर जेवत असेल किंवा घरात दोन-तीन प्रकारची धान्ये आलटून पालटून वापरली जात असतील, तर एकट्या गव्हाचा आकडा याच्या निम्माही भरणार नाही.

आता बचतीकडे वळू. शंभर किलो गव्हाची किरकोळ किंमत १०० धरली, तर तुम्ही ८५ मोजले. त्यातला दहा किलो गहू कीड लागून किंवा ओल धरून टाकावा लागला, तर उरलेल्या नव्वद किलोंसाठी तुम्ही ८५ दिलेत, म्हणजे शंभर किलोंना साधारण ९४.४ पडले. पंधरा टक्क्यांची बचत साडेपाच टक्क्यांवर आली. पंधरा किलो वाया गेला, तर बचत शून्य, त्यापुढे तोटाच. यात डब्यांचा खर्च धरलेला नाही, आणि पोत्यातून निघणारी माती, खडे, फोल व फुटके दाणे हेही धरलेले नाहीत. म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वी त्याच मालातला एक किलो घरी आणून निवडावा, पाखडावा आणि उरलेला तोलून पाहावा. किलोमागे पन्नास ग्रॅम कचरा निघाला, तर पाच टक्के सवलत तिथेच संपली असे समजावे.

पहिल्या वर्षी चार महिन्यांपुरतेच धान्य घ्या, असा माझा सल्ला आहे. तेवढे नीट टिकले, तर तुमची जागा, डबे आणि सवयी योग्य आहेत हे कळेल, आणि मग वर्षाची खरेदी निर्धास्तपणे करता येईल.

प्रश्न : धान्य कोरडे होते, डबा नवा आणि घट्ट झाकणाचा होता, तरीही दोन महिन्यांनी आत सोंडे झाले. हे किडे आत शिरले तरी कसे?

बहुधा ते शिरलेच नाहीत. तुम्हीच त्यांना धान्याबरोबर आत ठेवले. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतूनच खाते, तिथेच कोषावस्थेत जाते आणि पूर्ण वाढलेला किडा झाल्यावरच दाणा पोखरून बाहेर येतो. तोवर तो दाणा वरून निरोगी दाण्यासारखाच दिसतो. म्हणून निवडून, चाळून किंवा हाताने चाचपून हे अंडे सापडत नाही. २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात हे सगळे चक्र चार-पाच आठवड्यांत पुरे होते. एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते, हे लक्षात घेतले की पहिल्या महिन्यात स्वच्छ दिसणारा डबा तिसऱ्या महिन्यात अचानक कसा बुजबुजतो याचे कोडे उरत नाही.

यावर घरगुती पातळीवरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गोठवणे. उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवलेल्या धान्यातील अंडी, अळ्या, कोष आणि किडे असे सगळेच मरतात. मात्र धान्य हे उष्णतेचे मंद वाहक आहे. दहा किलोंची पिशवी तशीच आत ठेवली, तर तिचा गाभा थंड व्हायलाच फार वेळ जातो. त्यामुळे दोन-तीन किलोंच्या चपट्या पिशव्या कराव्यात. बाहेर काढल्यावर धान्य खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतले बाष्प जमते आणि किडीऐवजी बुरशीला आमंत्रण मिळते. पेरणीसाठी राखलेले बियाणे मात्र असे गोठवू नये, विशेषतः ते पुरेसे वाळलेले नसेल तर.

फ्रीजरमध्ये एवढी जागा नसेल, तर थंड खोली हा दुसरा पर्याय आहे. साठ्यातील बहुतेक किडींची वाढ १५ अंशांखाली जवळजवळ थांबते. त्या मरत नाहीत. पण वाढतही नाहीत. घरातली सर्वांत उबदार जागा म्हणजे स्वयंपाकघर, आणि बहुतेक घरांत धान्य नेमके तिथेच, तेही शेगडीच्या जवळच्या कपाटात ठेवलेले असते.

एक गोष्ट आणखी. नवे धान्य जुन्या धान्यावर कधीही ओतू नये. डबा रिकामा करावा, कोपरे आणि झाकणाची खाच झाडून पुसून घ्यावी, पूर्ण वाळवावी आणि मगच नवे भरावे. खाचेत अडकलेला चमचाभर भुसा एका पिढीला पुरतो.

प्रश्न : धान्य पुरेसे वाळले आहे हे घरी कसे ओळखावे? आमच्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र नाही.

अनुभवी माणूस दाणा दाताखाली धरतो : वाळलेला दाणा कडक आवाज करून फुटतो, ओलसर दाणा दबतो. याहून थोडी काटेकोर अशी मिठाची चाचणी आहे. काचेची कोरडी बरणी घ्या, तिचा एक तृतीयांश भाग धान्याने भरा, त्यात दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मीठ बरणीच्या आतल्या बाजूला चिकटले किंवा त्याचे गोळे झाले, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. मीठ सुटे राहिले, तर ओलावा त्याहून कमी आहे.

पण येथे थांबून चालत नाही, कारण वर्षभर साठवायचे असल्यास गहू, तांदूळ, ज्वारी यांसारख्या धान्यांतील ओलावा बारा-तेरा टक्क्यांच्या पुढे नसावा. चाचणी उत्तीर्ण झालेल्या धान्यालाही म्हणून एक-दोन कडक उन्हे द्यावीत, आणि वाळवल्यावर ते रात्रीच्या दमट हवेपूर्वी घरात घेऊन, पसरून, पूर्णपणे निवू द्यावे. मी स्वतः एकदा घाईत उन्हाने तापलेले धान्य थेट पिंपात भरून झाकण लावले होते. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते आणि दोन आठवड्यांत वरचा थर कुबट झाला.

असेच पाणी पिंप बाहेरच्या भिंतीला टेकलेले असले तरी जमते. रात्री भिंत थंड होते, आतील उबदार हवेतले बाष्प त्या बाजूला आणि झाकणाखाली सरकते, आणि एरवी कोरड्या असलेल्या साठ्यात एकच कोपरा ओला होतो. पिंप भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उचलून फळीवर ठेवावे. पोते सरळ फरशीवर ठेवले, तर खालून ओल धरते.

प्रश्न : मक्याच्या पोत्यात तळाशी थोडी बुरशी दिसली. धुऊन, वाळवून, चांगले भाजून वापरता येईल का?

नाही. मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, जे यकृताला घातक आहे आणि नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाचा शोध लागला. बुरशीचे दृश्य ठिपके काढून टाकल्याने शेजारच्या दाण्यांतील विष जात नाही. तो माल गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका.

प्रश्न : सगळी अख्खी धान्ये सारखीच टिकतात का? हातसडीचा तांदूळ आणि ओट्स मोठ्या प्रमाणात घ्यायचा विचार आहे.

टिकण्याचा प्रश्न येथे किडीचा कमी आणि तेलाचा अधिक आहे. दाण्यातले तेल मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. अख्ख्या गव्हात ते आवरणाखाली सुरक्षित राहते, म्हणून कोरडा, थंड ठेवलेला गहू वर्षानुवर्षे टिकतो. तोच दळला की तेलाचा हवेशी संबंध येतो, आणि कोंड्यासकट दळलेले पीठ काही आठवड्यांत उतरू लागते. हातसडीच्या तांदळाचे टरफल काढताना कोंड्याच्या थराला इजा होते, तेलाचे विघटन करणारी विकरे त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि तांदूळ सामान्य तापमानात सहा महिन्यांच्या आसपास खवट होऊ लागतो. पांढरा तांदूळ याच कारणाने कितीतरी जास्त टिकतो. त्यात खवट होण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. ओट्समध्ये तेल गव्हाहून बरेच अधिक असते. बाजारात येणारे ओट्स सहसा वाफवलेले असतात, ते ही विकरे निष्क्रिय करण्यासाठीच. बाजरीचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे : दाणा महिनोन्महिने चांगला राहतो, पीठ मात्र काही दिवसांत कडू होते.

तेव्हा गहू, ज्वारी, सातू आणि पांढरा तांदूळ घाऊक घ्यावा; हातसडीचा तांदूळ तीन-चार महिन्यांपुरता घ्यावा; पीठ घाऊक घेऊच नये.

प्रश्न : ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून धान्य हवाबंद करण्याची पद्धत विश्वसनीय आहे का? किती पुड्या लागतात?

पद्धत चांगली आहे, आणि तिचे मूळ तत्त्वही जुनेच आहे. जमिनीतल्या बंद बळदांतून धान्य हवेवाचून टिकवण्याची कला माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. पुडीतील लोखंडाची भुकटी गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेते, त्यामुळे किडे गुदमरतात आणि तेल खवट होणेही लांबते. वीस लिटरच्या डब्यात सुमारे पंधरा किलो गहू मावतो आणि दाण्यांच्या फटींत अंदाजे आठ लिटर हवा उरते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सुमारे १.७ लिटर. त्यामुळे एकूण २००० मिलिलिटर क्षमतेच्या पुड्या पुरतात.

मात्र साध्या प्लास्टिकच्या डब्यातून हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून आत धातूचा थर असलेली जाड पिशवी लावून ती उष्णतेने सांधावी. पुड्यांचे पाकीट उघडल्यावर त्या लगेच हवा शोषू लागतात, तेव्हा सर्व डबे भरून तयार असतील तेव्हाच ते उघडावे. अशा साठवणीसाठी धान्य नेहमीपेक्षाही कोरडे, दहा टक्के ओलाव्याच्या आसपास असावे. सहा महिन्यांत संपणाऱ्या धान्यासाठी हा सगळा खटाटोप आणि खर्च मला अनावश्यक वाटतो.

प्रश्न : धान्यात ठेवायच्या औषधी गोळ्या घरी वापराव्यात का? की उग्र वासाची पाने पुरेशी आहेत?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूसुद्धा नका. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा संबंध आला की फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. तो दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. मोठ्या गोदामांत प्रशिक्षित माणसे मोजमाप करून त्या वापरतात, ती जागा वेगळी. उग्र वासाच्या पानांनी बाहेरून येणारा किडा काही प्रमाणात बिचकतो, पण दाण्यातल्या अळीला त्यांचा काहीही त्रास होत नाही. घालायची असतील तर घाला, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नका.

प्रश्न : बियाण्यासाठी आणलेला गहू उरला असून तो फार स्वस्तात मिळतो आहे. धुऊन खाल्ला तर चालेल का?

कोणत्याही परिस्थितीत नाही. पेरणीच्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते आणि धोक्याची खूण म्हणून त्याला रंग दिलेला असतो. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचे संयुग लावलेले गव्हाचे आणि सातूचे बियाणे अनेक कुटुंबांनी खाल्ले. धुतल्यावर रंग गेला, त्यामुळे विषही गेले असा समज झाला, पण पारा दाण्यावरच राहिला होता. साडेसहा हजार माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिथे ४५९ जण दगावले. जनावरांच्या खाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या धान्याबाबतही, ते माणसाच्या खाण्यासाठी तपासलेले नसते एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : कीड लागलेले धान्य टाकून द्यावे की वापरावे?

किती लागली आहे त्यावर ते अवलंबून आहे. मूठभर धान्य पाण्यात टाका. पोखरलेले दाणे तरंगतात. शंभरात दोन-तीन तरंगत असतील, तर धान्य चाळून, पाखडून, आठवडाभर गोठवून आधी संपवावे. सोंडे स्वतः विषारी नसतात. दाण्यांना हात लावल्यावर पिठूळ भुकटी लागत असेल, जाळी धरली असेल किंवा रास आतून उबदार लागत असेल, तर त्याचा मोह सोडावा. पिठात तांबडे भुंगे झाले असतील आणि त्याला गुलाबी झाक व झोंबणारा वास आला असेल, तर ते चाळूनही उपयोग नाही, कारण तो वास त्यांच्या स्रावाचा असतो आणि पिठात मुरलेला असतो. टाकून द्यायचे धान्य आधी घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर न्यावे, आणि शेजारच्या प्रत्येक डब्याचे झाकण उघडून पाहावे.