रबरी बेडकावर इंदूरजवळ मासा लागेल का?

लागेल, पण बास नव्हे, मरळ. तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरच्या हवासू तलावात बास या शिकारी माशासाठी आमिष म्हणून जो पोकळ रबरी बेडूक वापरतात, तो इंदूरच्या तळ्यांत चालेल का. मी पावसाळा सरल्यावर जवळच्या खेड्यांतल्या तळ्यांवर तोच वापरतो. तिकडे लव्हाळ्याच्या कडेला दबा धरणारा बास, इकडे जलपर्णीखालची मरळ (हिंदीत सौल). दोघंही गवताच्या सावलीतून वर झेपावतात. या बेडकाचे दोन्ही गळ पाठीला घट्ट चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. त्यामुळे पाणी फुटल्याचा आवाज येताच हिसका देऊ नका. एक-दोन श्वास थांबा, दोरीला ओढ लागू द्या, मग जोरात खेचा. नवशिक्याची मरळ सुटते ती इथेच. आणि दोरी विणलेली, जाडच हवी. साधी नायलॉन ताणली जाते आणि मासा गवतात गुंडाळून बसतो.

मात्र मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि तळी बहुधा ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा ठेकेदाराला आधी विचारा. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे बेडूक टाकूच नका. खाली आईबाप राखण करत असतात.