काळा स्क्रीन आला म्हणून फॉर्मॅट मारू नका

लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर (म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकताना अडकलेल्यांची पत्रं यावेळी बरीच आलीत, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. कमांड इथं देवनागरीत छापल्यात, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, एपीटी म्हणजे ए-पी-टी, आणि डॅश छापलाय तिथं डॅशच द्यायचा, स्पेस नाही.

प्रश्न: सर, मी भवानी पेठेत राहतो, चादरी-टॉवेलची डिझाइनं करून देतो. पीसीत जीटीएक्स १६५० कार्ड आहे आणि उबंटू २४.०४ आहे. चादर बेडवर अंथरल्यावर कशी दिसेल ते ब्लेंडरमध्ये रेंडर करून व्यापाऱ्याला पाठवतो, त्यासाठी कार्ड कंपनीच्या साइटवरून डॉट रन फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला, एका व्हिडिओत सांगितलं म्हणून बायोसमध्ये सिक्युअर बूटपण (सही नसलेला प्रोग्रॅम मशीन सुरू होताना अडवणारी सोय) बंद केलं. दोन महिने छान चाललं. परवा अपडेट मारला, रीस्टार्ट केलं तर नुसता काळा स्क्रीन, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायलीय. दुकानात नेलं तर फॉर्मॅटशिवाय इलाज नाही म्हणाले. आत तीन वर्षांची डिझाइनं आहेत ओ, बॅकअप नाही. काय करू?

उत्तर: पहिली गोष्ट, डिझाइनं जागच्या जागी आहेत. मशीन चालू होतंय, डिस्क चालतीय, फक्त चित्र पडद्यावर आणणारा भाग अडकलाय. त्यामुळं कुणालाही फॉर्मॅट करू देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. आणि आधी कामाची कॉपी काढा, ड्रायव्हरचं नंतर बघू. ज्या पेन ड्राइव्हवरनं उबंटू टाकलं होतं तो लावून बूट करा, मेन्यूत 'सेफ ग्राफिक्स' असं लिहिलेला पर्याय निवडा, डेस्कटॉप आला की इन्स्टॉल न करता 'ट्राय'वर जा आणि फाइल मॅनेजरमधून तुमची डिस्क उघडून डिझाइनचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. एवढं झालं की जीव भांड्यात पडेल, मग शांतपणे पुढचं.

झालं काय ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची कार्डं एका मागाच्या हुकांच्या हिशेबानं पाडलेली असतात, तीच वेगळ्या हुकांच्या मागावर चढवली तर नक्षी उठत नाही, कार्डं चांगली असली तरी. ड्रायव्हरचा एक तुकडा, ज्याला मॉड्यूल म्हणतात, तो असाच एका ठरावीक कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी बनतो. तुम्ही डॉट रन फाइल चालवली तेव्हा त्या दिवशीच्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलं, परवाच्या अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि त्याच्यासाठी मॉड्यूल बनवून द्यायला कुणीच नव्हतं, कारण ती फाइल तुम्ही बाहेरून आणलेली, उबंटूच्या अपडेटला तिचा पत्ताच नाही.

आता दुरुस्ती. पीसी चालू करताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचा). जास्त वेळा दाबलं गेलं तर 'ग्रब' (सुरुवातीचा मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम) लिहिलेली काळी ओळ येते, तिथं घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि परत एस्केप. मेन्यू आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ सोडून त्याखालचा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा, बहुतेक वेळा डेस्कटॉप उघडतोच. नाहीच उघडला तर काळ्या स्क्रीनवरच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा, अक्षरांचा लॉगिन येईल, नाव आणि पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, तारेसुद्धा नाहीत, ते तसंच असतं). नेट लागणार आहे, तिथं वायफाय कुरकुर करतं म्हणून मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा.

मग बाहेरून आणलेला ड्रायव्हर काढा: सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल. हे आधी करायचंच, जुन्यावर नवीन टाकलं की दोघांच्या फाइली एकमेकांत मिसळतात आणि मग तो गुंता सोडवणं खरंच अवघड जातं. काढताना जुनी एक्सऑर्गची (पडद्यावर डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग परत आणू का असं विचारलं तर हो म्हणा. त्यानंतर सुडो एपीटी अपडेट, आणि मग उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस. या कमांडनं तुमच्या कार्डाला चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी येते आणि एकाच्या पुढं 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं. सरळ सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल दिलं की तोच बसतो. रीस्टार्ट करा, यावेळी नवीन कर्नलनंच.

यादी बघून गोंधळ होतो तो एकाच नंबरच्या तीन-तीन नावांमुळं: साधं, शेवटी 'ओपन' असलेलं आणि 'सर्व्हर' असलेलं. सर्व्हरचं सोडून द्या. ओपनचं असं आहे की मे २०२२ मध्ये एनव्हिडियानं, म्हणजे तुमचं कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं, कर्नलमध्ये बसणाऱ्या मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, तेच हे. तुमचं १६५० ट्युरिंग पिढीतलं, त्याला दोन्ही चालतात. पण जीटीएक्स १०५० किंवा १०६० असेल तर ओपनवालं चालत नाही, आणि उलट आरटीएक्स ५० च्या मालिकेला ओपनच लागतं. काळ्या स्क्रीनचं एक कारण हेपण असतं, चुकीचं नाव निवडलं जातं.

नीट बसलं का हे बघायला एनव्हिडिया-एसएमआय टाइप करा. चौकटीत कार्डाचं नाव, ड्रायव्हरचा नंबर, तापमान दिसलं की झालं काम. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम उघडून ऑप्टिक्स किंवा कुडाखाली कार्डाला टिक करा, नाहीतर रेंडर प्रोसेसरवरच चालत राहतं आणि ड्रायव्हरच चुकला असं वाटतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा मोठं रेंडर लावलं की त्या चौकटीतलं तापमान बघत चला. मागाच्या शेडजवळ पीसी असेल तर कार्डाच्या पंख्यात सुताची बारीक तूस किती बसते ते एकदा झाकण काढून बघाच.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापुरात राहते. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, मध्येच त्यानं एक पासवर्ड बनवायला लावला, रीस्टार्टनंतर निळा स्क्रीन आला म्हणून घाबरून मी 'कंटिन्यू बूट' केलं. आता ड्रायव्हर टाकलेला दाखवतोय पण एनव्हिडिया-एसएमआय म्हणतंय ड्रायव्हरशी बोलताच येत नाही. दोनदा काढून टाकून बघितलं.

उत्तर: तुमचा ड्रायव्हर बरोबर बसलाय, सही राहिलीय. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. तुमच्याच लॅपटॉपवर डीकेएमएसनं (कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणाऱ्या सोयीनं) बनवलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच लॅपटॉपच्या किल्लीनं सही होते, आणि ती किल्ली ओळखीची आहे हे मालकानं स्वतः मशीनसमोर बसून सांगावं म्हणून तो निळा स्क्रीन. विंडोजचा निळा स्क्रीन बघून धडकी भरायची सवय असते त्यामुळं बहुतेक जण तिथंच चुकतात, पण हा वेगळा, याचा बिघाडाशी काही संबंध नाही.

खात्री करायची तर सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया देऊन बघा, 'की वॉज रिजेक्टेड' असं आलं तर हेच कारण. मग सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, स्पेस, दोन डॅश आणि एनरोल-की अशी कमांड द्या. पासवर्ड मागेल, साधी आठ अक्षरं द्या, चिन्हं नकोत, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं जागा बदलू शकतात. कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केलं की निळ्या स्क्रीनवर 'प्रेस एनी की' येईल आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतील, तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं, चहा घ्यायला उठलात तर संधी गेली. पुढं चार ओळींचा मेन्यू येतो, त्यात पहिलीच ओळ 'कंटिन्यू बूट' असते आणि उजेडपट्टी तिच्यावरच असते, म्हणून एंटर दाबला की फसतं. बाणानं एक ओळ खाली 'एनरोल मोक'वर (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली) या, एंटर, मग कंटिन्यू, मग येस, मग तो पासवर्ड, मग रीबूट. बस. एवढंच काम आहे आणि एकदाच करायचंय.

सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला तुम्हाला वर्गात मिळेल. करू नका. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती हाताशी नसली की सबमिशनच्या आदल्या रात्री रडायची वेळ येते. आणि ड्रायव्हर सुरू झाल्यावर बॅटरी लवकर उतरायला लागली तर सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड करा, रोजचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालेल, जड काम एनव्हिडियाच्या कार्डावर.

प्रश्न: सैफुल भागात आमची छोटी अभ्यासिका आहे. जुन्या पीसीत जीटी ७१० कार्ड आहे. नवीन ड्रायव्हर घेतच नाही. कार्ड गेलं का? आणि दुसऱ्या रायझन लॅपटॉपसाठी एएमडीचा ड्रायव्हर कुठून उतरवू?

उत्तर: कार्ड गेलेलं नाही. जीटी ७१० केप्लर पिढीतलं, त्याच्यासाठीची ड्रायव्हरची मालिका ४७० वर थांबली, त्यापुढचे ड्रायव्हर त्याला ओळखतच नाहीत. ४७० ची देखभालही २०२४ मध्ये संपली. तुमच्याकडं मुलं पीडीएफ वाचतात, लेक्चर बघतात, लिब्रेऑफिसमध्ये टाइप करतात, एवढ्याला लिनक्ससोबत येणारा नूवो ड्रायव्हर पुरतो, २०१० पासून तो कर्नलमध्येच आहे. माझं स्पष्ट मत, तिथं काहीच टाकू नका. टाकलेले तुकडे राहिले असतील तर एपीटी पर्ज या काढून टाकायच्या कमांडनं काढा. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावलीय ना तेवढं पीसीच्या मागच्या बाजूला बघा.

रायझनसाठी काहीही उतरवायचं नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ पासून, कर्नल ४.२ पासून आतच आहे, ग्राफिक्सचा मेसा नावाचा वरचा भाग अपडेटमधून येतो. साइटवरचं पॅकेज टाकलंत तर चालणारं बिघडायचीच शक्यता जास्त. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि स्क्रीन अडखळत असेल तर नवीन कर्नल असलेली आवृत्ती घ्या.