माजी सैनिक गावी परतून शेती आणि समाजकार्य करतो, तेव्हा त्याचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं?

आमच्या घरातच असा एक माणूस आहे, माझे चुलते, म्हणून लिहितो. मी भांडुपला राहतो, आप्पा साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, खटाव तालुक्यात. थोरला भाऊ, म्हणजे माझे वडील, मस्जिद बंदरला माथाडीत आणि धाकटा फौजेत, अशी ती वाटणी. 1993 साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती, 2017 ला हवालदार होऊन घरी. गावात मात्र सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडे परत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, हुद्दा कोण विचारतो!

लोक म्हणतात, शिस्त अंगात मुरलेली असते म्हणून फौजी गावासाठी राबतो. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं पेन्शन आहे. 2022 च्या आधी भरती झालेल्या जवानाला 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते, त्यामुळे माणूस चाळिशीत घरी येतो, हातपाय धड आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे. दुसऱ्या कुठल्या शेतकऱ्याला दिवसभर गावच्या माळावर टिकाव मारणं परवडेल? आप्पांची चार एकर, शाळू आणि थोडा कांदा. कांद्यानं मारलं त्या वर्षी मुलीची फी पेन्शनमधून गेली. शेजारच्यांनी त्याच वर्षी म्हैस विकली.

2018 ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपात, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, गाव उतरलं. 1 मेच्या महाश्रमदानाला आम्ही मुंबईकर मंडळाची बस करून गेलो. पहाटे माळावर पोचलो तर आप्पा एका पातळीत चर आखायची 'ए फ्रेम' घेऊन उभे. दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मधे आडवी पट्टी, वरून दोरीला लोंबणारा दगड. एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा. दोरी पट्टीवरच्या खुणेवर येऊन थांबली की दोन्ही पाय एका पातळीत, मग तिथे चुन्याची फक्की. मला वाटलं, एवढं कशाला, डोळ्यांनी दिसतंय की! मी अंदाजानं दहाबारा फूट खणलं. आप्पांनी फ्रेम लावून बघितलं आणि म्हणाले, "आरं, हा चर न्हाई, ओघळ झाली. पानी एका टोकाला पळणार आन् बांध फोडणार." परत बुजवायला लावलं. हाताला फोड आले ते वेगळंच.

शिट्टी मारून लोक गोळा होतात, हा गैरसमज. पहिला आठवडा आप्पा, काकू आणि शाळेतली पाच-सहा पोरं एवढेच होते. भावकीतले एक गृहस्थ तर 'ह्याला सरपंच व्हायचंय' म्हणून पारावर सांगत बसायचे. आप्पा अजून सरपंच झालेले नाहीत आणि ते गृहस्थ अजून पारावरच आहेत.

फौजी कँटीनच्या स्वस्त दारूचं सांगायलाच हवं. फौजी घरी आला की नातेवाइकांचं प्रेम एकदम वाढतं. फोनवर तब्येतीची चौकशी होते आणि तिसऱ्या वाक्याला 'मेजर, कोटा शिल्लक आहे का?' काकूंनी आता आल्यागेल्याला फक्त चहा विचारायचं ठरवलंय.

युद्धाच्या गोष्टी विचारू नका, मिळत नाहीत. सियाचीनचं मी लहानपणापासून विचारतोय, उत्तर एकच, "लई थंडी." झोप मात्र अजून चारला उघडते. आमच्याकडे आले की अंधारात उठून गॅलरीत बसतात आणि पहिली लोकल गेली की आम्हाला सांगतात.

पावसाळ्याआधी पोकलेनच्या डिझेलसाठी मंडळानं लालबागच्या एका चाळीत वर्गणी काढली होती. दिवाळीनंतर आप्पा हिशेब द्यायला आले. त्यांची वही म्हणजे तारीख, तास, लिटर, ड्रायव्हरचा चहासुद्धा. वाचून झाल्यावर खिशातून पाकीट काढलं, त्यात उरलेले 340 रुपये. खजिनदार म्हणाले, "मेजर, राहू द्या, एसटीच्या तिकिटाला होतील." आप्पांनी पैसे टेबलावर मोजून ठेवले आणि वहीवर त्यांची सही मागितली.