तिकिटामागची बाकी

चि. बाळ हिस,
सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. लॅबमध्ये दुपारी डबे उघडले की सगळ्याजणी आपापल्या देवाधर्माचं बोलतात, तू गप्प राहतेस आणि रात्री खोलीवर वाटतं की आपण येशूच्या त्या शिष्यासारखं, पेत्रासारखं, प्रभूला नाकारलं. पोरी, पेत्र "मी त्याला ओळखत नाही" असं म्हणाला होता. तू फक्त जेवत होतीस. ते ओझं आधी खाली ठेव.

साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल लोकांना सांगताना, काय बोलू, असं तू विचारलंस. मला माझी एक चूक सांगावीशी वाटते. आजवर ती फार थोड्यांना सांगितली आहे.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो, जामखेड-खर्डा भागातल्या गाड्यांवर. सुटे पैसे नसले की तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि उतरताना द्यायची, ही आमची रीत. एका बाजारच्या दिवशी एका म्हातारीने दहाची नोट दिली. तिकीट साडेतीनचं. मी मागे साडेसहा लिहिले. तिला वाचता येत नव्हतं. घाबरून तिने तीनदा विचारलं, "बाबा, माझं पैसं?" तिसऱ्यांदा मी भरल्या गाडीत तिच्यावर खेकसलो. ती गप्प झाली, तिकीट मुठीत धरून बसली आणि फाट्यावर पैसे न मागताच उतरली. गाडी पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आमचे ड्रायव्हर वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मुक्कामी पोचल्यावर ते हळूच म्हणाले, "तुम्ही रविवारी चर्चमध्ये गाता ना? आज त्या आजीला तुमचा आवाज लई लागला असंल." टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच मला रात्रभर झोप आली नाही. सहा महिने त्यांच्याशी बायबलवर बोललो होतो मी, आणि त्यांच्या लक्षात राहिला तो माझा आवाज.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती फाट्यावर दिसली. मी खाली उतरलो, साडेसहा रुपये तिच्या हातावर ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "असू दे लेकरा, उन्हानं डोकं फिरतं." ड्रायव्हर काचेतून बघत होते. ते काही बोलले नाहीत. पण तीन-चार वर्षांनी त्यांच्या घरी मोठं आजारपण आलं, तेव्हा रात्री माझ्या दारात येऊन म्हणाले, "तुमच्या देवाजवळ आमच्यासाठी मागा." मी मागितलं. ते माळकरीच राहिले, आमची मैत्री शेवटपर्यंत राहिली. त्यांचं मन बदललं का, हा हिशेब मी कधी मांडला नाही. तूही मांडू नकोस. मनात असा हिशेब धरून कुणाशी गोड वागलीस, तर समोरच्याला तो कळतो. मग त्या प्रेमावर त्याचा विश्वास बसत नाही.

टिळकांची गोष्ट तुला संडेस्कूलमध्ये सांगितली होती, ती आता नव्याने आठव. पुढे रेव्हरंड झालेले कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाने आदराने जागा करून दिली, कवितेच्या गप्पा मारल्या आणि उतरण्याआधी बायबलमधला नवा करार हाती ठेवला. त्या काळी गोऱ्या माणसाने नेटिवाला असं वागवणं ही लहान गोष्ट नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घरात मात्र वादळ उठलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. तू भावाशी बोलणं टाकलं आहेस असं आईकडून कळलं, म्हणून हे लिहितो. घरच्यांसमोर साक्ष देणं सगळ्यात अवघड, कारण आपला खरा स्वभाव त्यांना माहीत असतो. आज रात्रीच त्याला फोन कर.

माझी गाडी ज्या जामखेडला जायची, तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून काम करत होते. वेल्लोरला शिकलेले, मनात आणलं असतं तर शहरात थाटात राहिले असते. त्यांनी खेड्यातल्या बायांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. जातीवर दहा प्रवचनं झाली असती तरी एवढं झालं नसतं, असं माझं मत आहे. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याआधीच त्या बाया माझ्या गाडीत ताठ मानेने बसू लागल्या होत्या.

आता तुझी लॅब. नस सापडली नाही आणि दुसऱ्यांदा टोचावं लागलं, तर आधी माफी माग, मग सुई उचल. सॅम्पल गोठलं तर पेशंटला परत बोलव आणि चूक आपली होती हे सांग, अंदाजाने आकडा भरू नकोस. कुणी भरायला सांगितलं तर शांतपणे नाही म्हण, आणि त्याची किंमत मोजावी लागेल हे धरून चाल. फरशी पुसणाऱ्या मावशींना नावाने हाक मार. एखादी मैत्रीण गैरहजर असताना तिच्याबद्दल बोलणं निघालं, तर तिथे तुझं गप्प राहणं चांगलंच आहे.

आणि कधी कुणी विचारलंच, "तू अशी का वागतेस?", तर लाजू नकोस. पेत्रानेच पुढे आपल्या पत्रात लिहिलं आहे की, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. दोन वाक्यं पुरतील. प्रभूचं नाव घे आणि मग तिचं ऐकून घे.

खोलीतल्या त्या बीडच्या मुलीला ताप आहे असं लिहिलं होतंस. रात्री तिला पेज करून दे, एकटीला सोडू नकोस. रविवारी उपासना झाली की फोन कर, ताप उतरला का ते सांग.

तुझा,
काका