कृषी सल्ला : प्रोफेनोफॉस मारताना माणसालाही त्रास का होतो?

प्रश्न : कपाशीवर प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक मारताना तोंडाला पाणी सुटते, दरदरून घाम येतो. इमिडाक्लोप्रिडने तसे होत नाही. किडीच्या नसा आपल्यापेक्षा वेगळ्या असतात का?

उत्तर : फार वेगळ्या नसतात, घोळ तिथेच आहे. एक चेतापेशी दुसरीला निरोप द्यायला मधल्या फटीत रसायन सोडते. काम झाले की ते लगेच हटवावे लागते. डोपामिन, सेरोटोनिन, गाबा ही रसायने उचलायला पेशीच्या आवरणात वाहक प्रथिने, म्हणजे ट्रान्सपोर्टर, असतात. सोडियम पेशीबाहेर जास्त, आत कमी. ते आत घुसते त्या जोरावर प्रथिन रसायनालाही आत ओढते. कीड असो की बैल, पद्धत हीच. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ड्रोसोफिला चिलटे घ्या. त्यांच्या डोपामिन वाहकाची रचना २०१३ साली उलगडली, ती माणसाचे नैराश्यावरचे औषध नॉर्ट्रिप्टिलिन त्याच्या खोबणीत बसलेल्या अवस्थेत!

फरक आहे, पण थोडा. आपल्यात नॉरअॅड्रेनालिन जे काम करते, ते किडीत बरेचसे ऑक्टोपामिन करते. गोचिडांवरचे अमिट्राझ त्याच ऑक्टोपामिनच्या ग्राहकांवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांवर (रिसेप्टर), चालते.

तुमच्या त्रासाचे मूळ मात्र अॅसिटिलकोलिन या आणखी एका निरोप देणाऱ्या रसायनात आहे. फटीतले अॅसिटिलकोलिन वाहक उचलत नाही. एक विकर (एन्झाइम) आधी त्याचे तुकडे करते, मग त्यातले कोलिन तेवढे वाहक आत घेतो. प्रोफेनोफॉस त्या विकरालाच बांधून ठेवते, आणि ते विकर किडीतही आहे, तुमच्यातही. मग अॅसिटिलकोलिन फटीतून हटत नाही, म्हणून लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या. इमिडाक्लोप्रिड विकराला हात लावत नाही. ते ग्राहकाला चिकटते. किडीच्या ग्राहकाला घट्ट, आपल्या ग्राहकाला सैल. सैल म्हणजे निर्धोक नव्हे, पोटात गेले तर तेही जिवावर बेतते.

तुम्ही सांगता ती विषबाधेचीच लक्षणे आहेत, 'उन्हाने झाले' म्हणून सोडू नका. फवारणी थांबवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा; लेबल दिसले की अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा निर्णय डॉक्टरांना लवकर घेता येतो. बांधले गेलेले विकर शरीरात भरून यायला आठवडे लागतात, तोवर पंप दुसऱ्याकडे द्या. आणि दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवण्याची सवय सोडाच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकरी-मजूर दगावले, हे आपण पाहिले आहे.