पायाच्या खड्ड्यातले कांदे आणि पुस्तकातले शैलचक्र

नमस्कार. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंदुरात राऊच्या बाजूला घराच्या पायासाठी खोदताना सात फुटांवर गोल काळे धोंडे निघाले आणि त्यांची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी हाताने सुटते आहे, तर हा दगड खराब आहे का, ही पहिली. आणि मुलीच्या पुस्तकातील शैलचक्राच्या, म्हणजे खडक एका प्रकारातून दुसऱ्यात बदलत राहतात त्या फेऱ्याच्या, चित्राप्रमाणे प्रत्येक खडकाला अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित या तिन्ही अवस्थांतून ओळीने जावे लागते का, ही दुसरी. माझी तीस वर्षे माळव्यातील विहिरी आणि पाये तपासण्यात गेली असल्यामुळे मी खड्ड्यापासून सुरुवात करतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या खड्ड्यातच आहे.

आपला दगड बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पत्थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वर आलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि आजही त्याने देशाचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग व्यापलेला आहे. अकराशे-बाराशे अंशांचा हा रस निवताना आकसतो, आणि आकसताना त्याला तडे जातात. देवास जिल्ह्यात बागली तालुक्यातील कावडिया पहाडावर हे तडे इतके नेमके पडले आहेत की पाच-सहा बाजूंचे दगडी खांब कोणी घडवून रचून ठेवावेत तसे दिसतात; गावकरी त्याचे श्रेय भीमाला देतात. इतरत्र तडे वेडेवाकडे असतात आणि खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. पावसाचे पाणी या तड्यांतून उतरते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच दिशेने काम करते, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तिन्ही दिशांनी. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गड्डा उरतो. आपल्या खड्ड्यातील कांदे हे असे आहेत. दगड मुळात खराब नव्हता. तो मुरूम होण्याच्या वाटेवर आहे, इतकेच. मात्र पायाचा भार अशा धोंड्यांवर किंवा वरच्या काळ्या मातीवर घेऊ नये. पहार मारून पाहावी. अखंड कातळ ठणकतो, सुटा धोंडा भद्द वाजतो. निर्णय मात्र आपल्या अभियंत्यालाच प्रत्यक्ष खड्ड्यात उतरवून घ्यावा, फोटोवरून घेऊ नये.

कुजणे म्हणजे नेमके काय, तर बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन ही खनिजे हवा-पाण्याच्या संपर्कात टिकत नाहीत. त्यांची चिकणमाती होते आणि त्यांतील लोह गंजून तांबूस-पिवळा रंग देते, जो आपल्याला सालीच्या आतल्या बाजूला दिसला असेल. या खडकात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण जवळजवळ नसतातच. म्हणून काळ्या दगडाची शेवटी वाळू होत नाही, पावसाळ्यात फुगणारी आणि वैशाखात हातभर भेगाळणारी काळी माती होते. माळव्याचा गहू ज्या मातीवर पोसला जातो ती अशी लाव्ह्याची माती आहे.

आता शैलचक्र. (पुस्तकात आग्नेय, अवसादी आणि कायांतरित असे लिहिले असेल, घरी शिकवताना आपण अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित म्हणू.) ते चित्र चुकीचे नाही, पण त्यातील वर्तुळाकार बाण मुलांना फसवतात. इंदूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यात बाग येथे मुलीला घेऊन जावे. लोक लेणी पाहून परततात. मी मात्र तिथे थरांकडे पाहायला सांगेन. त्या परिसरात सर्वांत खाली अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत. त्यांवर वालुकाश्म आहे, आणि लेणी याच खडकात कोरली आहेत. त्याच्या वर चुनखडक आहे आणि त्यात शिंपले, सागरी अर्चिन आणि अमोनाइट (नामशेष झालेले गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री जीव) सापडतात, कारण साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून इथवर आत आला होता. त्यावर लामेटा नावाचे गाळाचे थर, ज्यांत डायनासोरची अंडी मिळतात. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या भागातील ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत; पाडल्या गावात तर अशीच गोल अंडी काकड भैरव म्हणून पुजली जात होती. आणि सर्वांत वर आपला काळा पत्थर. तिन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात एकमेकांवर बसलेले आहेत, पण क्रम पाहा: तळाशी रूपांतरित, मध्ये गाळाचे, वर अग्निजन्य. पुस्तकातील बाणाशी (आधी अग्निजन्य, मग गाळाचे, मग रूपांतरित) हा क्रम मुळीच जुळत नाही.

इथे एक चांगला प्रश्न निघतो. चुनखडक तापला की संगमरवर होतो, मग बागच्या चुनखडकावर एवढा लाव्हा ओतला जाऊनही तो संगमरवर का झाला नाही? कारण लाव्हा उघड्यावर वाहिला. त्याची बरीचशी उष्णता आकाशात गेली आणि खालचा थर जेमतेम वरच्या अंगाला भाजला. संगमरवर व्हायला खडक खोल गाडला जावा लागतो किंवा आत शिरलेल्या शिलारसाच्या, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या, शेजारी दीर्घकाळ तापत राहावा लागतो. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते, त्यामुळे काहीशे अंश गाठायला खोली किती लागेल याचा हिशेब मुलगी स्वतः करू शकेल. जबलपूरजवळच्या भेडाघाटचा संगमरवर तसा खोलात शिजलेला आहे, आणि तो आपल्या लाव्ह्याहून कितीतरी जुना आहे.

तेव्हा खडकाला ठरलेली ओळ नसते. बागचा वालुकाश्म झिजला तर त्याच्या वाळूचा पुन्हा वालुकाश्मच होऊ शकतो. आपला बेसाल्ट खोल गाडला गेला तर माती न होता थेट रूपांतरित होईल. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन या चिवट खनिजाचे कण त्यांच्याहून कितीतरी तरुण खडकात सापडले आहेत. ज्या खडकात ते घडले तो कधीच झिजून गेला, कण तेवढे राहिले.

जाता जाता: खड्ड्यातील काही धोंडे फोडल्यास पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले निघतील. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरल्या, त्या या. मुलीला त्यांवर लिंबाचे थेंब टाकायला सांगावे. फेस आला तर ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातले खनिज. न आल्यास ठिपक्याने काच ओरखडून पाहावी. ओरखडा उठला तर गार, नाहीतर बहुधा जिओलाइट, म्हणजे अशा पोकळ्यांत वाढणारे मऊसर खनिज. हा लिंबाचा प्रयोग देवघराच्या संगमरवरावर मात्र करू देऊ नये. चकाकी जाऊन पडलेला डाग आमच्या घरी अजून आहे.